गेम खेळणाऱ्याला भेट काय द्यावी: हजार ते चार हजारांत, सोलापूरच्या हिशेबानं

भाऊबीज आली, वाढदिवस आला, बारावीचा निकाल लागला की घरात तोच प्रश्न निघतो: "त्याला ते गेमचं काहीतरी द्यायचंय, पण घ्यायचं काय?" दुकानात उत्तर तयारच असतं. लाल-निळे दिवे लागणारा खोका, वर मोठ्या अक्षरांत 'गेमिंग', आत कीबोर्ड, माऊस, हेडफोन आणि माऊसखालचा पॅड, चार नग मिळून बाराशे रुपये. हा खोका घेऊ नका. चारांतला एकही नग धड नसतो. माऊस दोन-चार महिन्यांत एका क्लिकला दोन क्लिक द्यायला लागतो आणि हेडफोनचा माइक मित्रांना पिंपातून बोलल्यासारखा ऐकू जातो. तेवढ्याच पैशात एकच नग घेतला तर तो चांगला येतो.

रोज खेळताना त्याचं काय झिजतं किंवा कुठं अडतं ते शोधायचं आणि तेवढंच द्यायचं. सोलापुरात अडायच्या जागा ठरलेल्या आहेत: ऊन, धूळ, मधेच जाणारी लाइट आणि एकाच खोलीत झोपलेली घरची चार माणसं. खाली दिलेले भाव ढोबळ आहेत, सेलच्या दिवसांत शे-पाचशे इकडेतिकडे होतात.

आधी चौकशी

बजेटच्या आधी यंत्र कुठलं ते कळायला हवं. फोन, लॅपटॉप, कॉम्प्युटर की प्लेस्टेशन? त्यालाच विचारलं तर गंमत जाते. त्याच्याबरोबर खेळणाऱ्या मित्राला गाठा. "अरे, तो कशावर खेळतो रे? आणि खेळताना सारखा कशाच्या नावानं ओरडतो?" यातला दुसरा प्रश्न जास्त कामाचा. तो 'नेट गेलं' म्हणून ओरडत असेल तर तीन हजारांचा हेडफोन देऊन काही साधत नाही.

मग त्याच्या नकळत तीन फोटो काढून ठेवा. एक फोनच्या खालच्या कडेचा, म्हणजे हेडफोनचं गोल भोक आहे की नाही ते कळेल. दुसरा राउटरच्या अडॅप्टरवरच्या बारीक अक्षरांचा. तिसरा लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरचा, प्लेस्टेशन असेल तर तिच्या पुढच्या बाजूचा. नवी पेठेत कुठल्याही दुकानात हे फोटो दाखवले की निम्मी चूक तिथंच टळते.

फोनवर खेळणारा

बहुतेक पोरं फोनवरच खेळतात, बीजीएमआय नाहीतर फ्री फायर मॅक्स. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२च्या पुढं जातो. फोन तापला की आतला प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो, स्क्रीन मंद होते, आणि ऐन मारामारीत चित्र अडखळतं. पोरगं म्हणतं 'फोन लॅग मारतोय' आणि घरचे म्हणतात नवा फोन मागायचं निमित्त आहे. पुष्कळदा नव्या फोनची गरजच नसते, फोनचा कूलर पुरतो.

या कूलरच्या दोन जाती आहेत आणि खोक्यावरून फरक पटकन कळत नाही. तीन-चारशेला मिळतो तो नुसता पंखा. तो खोलीतलीच हवा फोनच्या पाठीवर मारतो. खोलीत चाळीस अंश असतील तर फोनलाही चाळीस अंशाचीच हवा लागते. पुण्यात डिसेंबरात ठीक आहे, सोलापुरात मेमध्ये पैसे पाण्यात. दुसरी जात पेल्टिअर चकतीची. वीज दिली की या चकतीची एक बाजू गार पडते, दुसरी तापते, आणि पंखा तापलेल्या बाजूची उष्णता बाहेर फेकतो. त्यामुळं फोनला लागणारी बाजू खोलीपेक्षाही गार राहते. हा ८०० ते २,००० रुपयांत येतो. दुकानात चालू करून बघा. अर्ध्या मिनिटात गार बाजू बोटाला बर्फासारखी लागली पाहिजे. खोक्यावर १० वॉटपेक्षा कमी लिहिलं असेल तर राहू द्या. आणि त्याला वीज वेगळ्या चार्जरनं किंवा पॉवर बँकेनं द्यायची. फोनच्याच बॅटरीवर चालणारा कूलर एका हातानं गार करतो आणि दुसऱ्या हातानं तापवतो.

बसवायच्या दोन पद्धती: चिमटा किंवा मॅग्नेट. चिमट्याचा दात आवाजाच्या बटणावर बसत नाही ना, ते त्या फोनच्या मापानं बघा. मॅग्नेटवाल्यासाठी फोनच्या पाठीला लोखंडी कडी चिकटवावी लागते. जाड रबरी कव्हर मधे असेल तर गारवा कव्हरलाच लागतो, फोनपर्यंत पोचत नाही, म्हणून खेळताना कव्हर काढायला सांगा.

एक गोष्ट इथल्या घरांसाठी खास. उन्हाळ्यात हवा कोरडी असते, त्यामुळं पेल्टिअरवर सहसा दव धरत नाही. पण पोरगं वाळ्याच्या, पाण्याच्या कूलरसमोर बसून खेळत असेल तर ती हवा दमट असते, आणि दहा-पंधरा मिनिटांत गार चकतीवर आणि फोनच्या पाठीवर पाण्याचे बारीक थेंब दिसायला लागतात. पावसाळ्यातही तेच. थेंब दिसले की चकती बंद करून पुसायचं, आणि चार्जिंगच्या भोकाकडं पाणी जाऊ द्यायचं नाही. भेटीबरोबर हे एक वाक्य चिठ्ठीवर लिहून दिलं तर फोन वाचेल.

कानात काय घालायचं याचं उत्तर सोपं आहे: वायर. ब्लूटूथवर आवाज थोडा मागून येतो. गाण्याला, सिनेमाला ते जाणवत नाही, पण मागून येणाऱ्या माणसाची पावलं उशिरा ऐकू आली तर खेळ संपतो. 'लो लेटन्सी' लिहिलेल्या इअरबडमध्ये हा उशीर कमी होतो, जात नाही. फोनला गोल भोक असेल तर सहाशे ते बाराशेचा चांगला वायरचा इअरफोन बस झाला. नसेल तर टाइप-सीचा घ्यायचा, आणि तोही आत डॅक असलेला. डॅक म्हणजे आवाजाचं रूपांतर करणारी चिप. ती नसलेले स्वस्त इअरफोन काही फोनवर चालतात, काहींवर मुके राहतात, आणि हा घोळ खोक्यावर कुणी लिहीत नाही.

चार्जिंग करत खेळणाऱ्याला काटकोनी टोकाची केबल द्या, दोन-तीनशे रुपयांची. सरळ टोक फोन आडवा धरला की तळहाताला टोचतं आणि रोजच्या रेट्यानं भोक सैल होतं. बोटांत घालायचे थंब स्लीव्ह शंभर-दोनशेला मिळतात, घामेजल्या बोटांना उपयोगी पडतात, पण काही आठवड्यांत विरतात. त्यामुळं ती मुख्य भेटीवरची चिंच-गूळ समजा. फोनला जोडायचा कंट्रोलर मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका. बीजीएमआय कंट्रोलरला साथ देत नाही, आणि मधे दुसरं अ‍ॅप घालून तो चालवला तर खातं बंद होण्याची भीती असते. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलवर खेळत असेल तर कंट्रोलर चालतो.

लाइट गेली की नेट जातं

ही भेट दुकानाच्या गेमिंगच्या कपाटात दिसणार नाही, पण इथं हिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही: राउटरचा छोटा यूपीएस, १,२०० ते २,००० रुपये. फोनची आणि लॅपटॉपची बॅटरी चालूच असते, बंद पडतो तो राउटर. रँकचा सामना अर्ध्यात सुटला की गुण कापले जातात, चार मित्रांच्या शिव्या वेगळ्या.

घेताना मगाशी काढलेला अडॅप्टरचा फोटो उघडा. 'आउटपुट' या शब्दापुढं व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात, पण काही ९ किंवा ५ व्होल्टवरही चालतात. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर राउटर जळू शकतो. अँपिअरचं उलटं आहे: यूपीएसचे अँपिअर राउटरपेक्षा जास्त असले तरी हरकत नाही, कमी असले तर राउटर सारखा बंद-चालू होतो. मग पिन. बाहेरून साडेपाच मिलिमीटर दिसणारी पिन आतून २.१ किंवा २.५ मिलिमीटरची असते. चुकीची बसल्यासारखी वाटते आणि हात लागला की सुटते. दोन्ही पिना देणारा यूपीएस बघा.

घरात फायबरचा डबा वेगळा आणि वाय-फायचा डबा वेगळा असेल तर दोघांनाही वीज लागते, म्हणजे दोन आउटपुटचा यूपीएस हवा. राउटर साधारण ८ वॉट ओढतो. ३० वॉट-अवरची बॅटरी असेल तर तीनेक तास निघतात. एवढं करूनही नेट जातंच असेल तर भागातल्या नेटवाल्याच्या स्वतःच्या यंत्राला बॅकअप नाही. ते आधी शेजारच्या इन्व्हर्टरवाल्याला विचारून घ्या: लाइट गेल्यावर तुमचं नेट चालतं का? नाही म्हणाला तर ही भेट बाद.

खोली राउटरपासून लांब असेल आणि खेळ कॉम्प्युटरवर असेल तर राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत न्यायची १५ मीटर कॅट-६ जातीची नेटची केबल द्या. चार-पाचशे रुपयांत तीन हजारांच्या भेटीचं काम होतं. पण आधी दारातून, भिंतीकडेनं फिरवून दोरीनं लांबी मोजा. सरळ अंतरावर मोजलेली केबल नेहमी दोन मीटर कमी पडते.

लॅपटॉप आणि चादर

सोलापुरात लॅपटॉपचा खरा वैरी म्हणजे आपली चादर. पलंगावर जाड सुती चादर, तिच्यावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपची हवा घ्यायची भोकं पोटाला. चादर ती भोकं बंद करते, वर तिचे तंतू पंख्यातून आत ओढले जातात आणि जाळीवर वाकळ विणल्यासारखा थर बसतो. यंत्रमागांच्या भागात घर असेल तर हवेतल्या कापसाची भर वेगळीच. याला पाच-सहाशेचा धातूचा स्टँड हा पहिला उपाय. खाली पंखे असलेला कूलिंग पॅड हजार-दीड हजाराला येतो. भोकं मोकळी असतील तर तो चार-दोन अंश उतरवतो, थर बसलेला असेल तर नुसता आवाज करतो. दोन वर्षांपेक्षा जुन्या लॅपटॉपला आम्ही स्टँड आणि साफसफाई ही जोडी सुचवू. भरवशाच्या दुरुस्तीवाल्याकडून पंखा साफ करून थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारा लेप, बदलून घ्या. 'साफसफाईचे पैसे भरलेत' अशी चिठ्ठी भेट म्हणून विचित्र वाटेल, पण महिनाभरानं आभार त्याच चिठ्ठीचे मानले जातात.

माऊस १,५०० ते ३,०००मध्ये उत्तम येतो. लॉजिटेकचा जी १०२ वायरचा, ८५ ग्रॅमचा. जी ३०४ वायरलेस, एक डबल-ए सेल धरून ९९ ग्रॅम. दोन्ही बरीच वर्षं बाजारात टिकून आहेत, यातच काय ते आलं. खोक्यावरचा डीपीआयचा, म्हणजे हात हलवला की स्क्रीनवरचा बाण किती सरकतो त्याचा, मोठा आकडा बघू नका. बहुतेक खेळाडू ४०० ते १,६०० मध्येच खेळतात, आणि पाचशेच्या माऊसवरचे '१२,०००' हे नुसतं छापलेलं असतं. हाताचं माप बघा: मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १७ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर छोटा माऊस, २०पेक्षा जास्त असेल तर मोठा. डावखुरा असेल तर उजव्या अंगठ्याचा खड्डा असलेला आकार अजिबात नको.

पॅड कापडी, ८०×३० किंवा ९०×४० सेंटीमीटरचा, चार-पाचशेपासून. कडा शिवलेल्या हव्यात, नाहीतर सहा महिन्यांत दशा निघतात. आणि टेबलाची खोली मोजल्याशिवाय ९०×४० घेऊ नका. आपल्याकडच्या अभ्यासाच्या टेबलांवर तो पुढून लोंबतो. धुवायचा तर गार पाणी, थोडा शॅम्पू, आणि सावलीत आडवा. उन्हात टाकला की खालचं रबर पापडासारखं वळतं.

मेकॅनिकल कीबोर्ड अडीच-तीन हजारांत येतो. इथं एकच निर्णय महत्त्वाचा: स्विचचा, म्हणजे प्रत्येक बटणाखालच्या कळीचा, रंग. निळा कटकट वाजतो, रात्री बाराला आजीची झोप मोडतो आणि दुसऱ्या दिवशी कीबोर्ड माळ्यावर जातो. लाल शांत असतो. नंबरांचा भाग नसलेला ८७ बटणांचा घेतला तर माऊसला जागा राहते.

हेडफोनचं कातडं फार जणं विसरतात. काळं, मऊ, चामड्यासारखं दिसणारं असतं ते बहुतेक रेक्झिनच. घाम आणि उष्णता लागली की एक-दोन उन्हाळ्यांत त्याचे काळे कपचे निघतात, ते कानाला, गालाला, उशीला चिकटतात. कापडी किंवा जाळीदार गादीचा हेडफोन घ्या, किंवा गादी बदलता येते का ते तरी विचारा. हेडफोन जोडायची पिन एक आणि कॉम्प्युटरला भोकं दोन, हिरवं आणि गुलाबी, असं असेल तर शंभर-दीडशेचा जोड सोबत द्या, नाहीतर माइक चालणार नाही. चहूबाजूंनी आवाज येतो असं सांगणारा '७.१'चा शिक्का बहुतेक वेळा सॉफ्टवेअरची करामत असते. त्याचे जास्त पैसे देऊ नका.

रॅम, म्हणजे लॅपटॉपची मेमरी, द्यायची असेल तर लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स', मग 'मेमरी'. तिथं वेग आणि किती खाचा भरल्या ते दिसतं. 'एक ऑफ टू' असेल तर एक जागा रिकामी आहे. जाती मात्र जुळायला हव्यात: डीडीआर ४च्या खाचेत डीडीआर ५ बसत नाही, आणि काही पातळ लॅपटॉपना मेमरी बोर्डावरच डकवलेली असते. शिवाय २०२५च्या शेवटापासून मेमरीचे भाव बरेच चढलेत, त्यामुळं जुन्या अंदाजावर दुकानात जाऊ नका.

प्लेस्टेशन आणि कंट्रोलर

सीडी घ्यायच्या आधी मगाचा फोटो बघा. पीएस ५च्या डिजिटल आवृत्तीला सीडीची फट नसते. चार हजारांची सीडी आणि घालायला जागाच नाही, ही चूक फार होते. फट असेल तर पीएस ४ची सीडीही पीएस ५वर चालते, आणि जुन्या खेळांच्या सीड्या निम्म्या भावात मिळतात. पण पीएस ४चा कंट्रोलर पीएस ५च्या खेळांना चालत नाही, फक्त पीएस ४च्या खेळांना चालतो. पीएस ५ला ब्लूटूथ हेडफोन थेट जोडता येत नाही. वायरचा हेडफोन कंट्रोलरच्या भोकात बसतो.

कॉम्प्युटरसाठी कंट्रोलर घेताना अंगठ्यानं हलवायच्या काड्या 'हॉल इफेक्ट'च्या आहेत का ते बघा, २,००० ते ३,५००च्या दरम्यान येतात. साध्या काड्यांच्या आत घासून झिजणारी पट्टी असते. ती झिजली की काडी सोडली तरी माणूस आपोआप एका बाजूला चालत राहतो, पोरं याला ड्रिफ्ट म्हणतात. हॉल इफेक्टमध्ये चुंबक असतो, घासणं नाही. हे कंट्रोलर प्लेस्टेशनवर चालतीलच असं धरू नका. खोक्यावर नाव नसेल तर चालत नाहीत.

कार्ड, कोड आणि फुकटचं

काहीच कळत नसेल तर गूगल प्लेचा कोड द्या. पोराच्या हातात घरचं कार्ड द्यायची गरज पडत नाही आणि खर्चाला आपोआप कुंपण बसतं. मात्र कोड ज्या खात्यात भरला तिथंच अडकतो. आईच्या ईमेलवर चुकून भरला तर तो पोराच्या खात्यात हलवता येत नाही. म्हणून भरू नका, नुसता द्या. 'स्वस्तात यूसी देतो, आयडी-पासवर्ड पाठवा' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका (यूसी म्हणजे बीजीएमआयमधले पैसे); त्यात खातंच जातं. आणि पैसे लावून खेळायचे खेळ या यादीत मुळीच नाहीत, ऑगस्ट २०२५च्या कायद्यानं त्यांच्यावर बंदी आहे.

स्टीम म्हणजे कॉम्प्युटरचे खेळ विकणारं ऑनलाइन दुकान. तिथं खेळणाऱ्याची विशलिस्ट, म्हणजे हव्या असलेल्या खेळांची यादी, त्याच्या मित्राला दिसू शकते. त्यातला खेळ मित्राकडूनच भेट पाठवायला सांगा, कारण नव्या, खरेदी न केलेल्या खात्यावरून मैत्रीची विनंतीही पाठवता येत नाही. जूनअखेर आणि डिसेंबरअखेर मोठे सेल लागतात. खेळ आवडला नाही तर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. पैसे टाकायच्या आधी एपिक गेम्स या तशाच दुसऱ्या दुकानावर एक नजर टाका. तिथं दर गुरुवारी खेळ फुकट मिळतो, आणि फुकट मिळालेलाच खेळ भेट म्हणून आला की पोरगं हसून 'थँक्यू' म्हणतं, बाकी काही नाही.

घेताना

ऑनलाइन घेत असाल तर परतीची मुदत मोजा. सात-दहा दिवसांची मुदत असते. वाढदिवस वीस दिवसांवर असताना मागवलं तर खोका उघडायच्या आधीच मुदत संपते. तेव्हा एक तर चार दिवस आधी मागवा, नाहीतर आल्या दिवशी उघडून, अर्धा तास चालवून, परत बंद करा. उघडताना सलग व्हिडिओ घ्या.

दुकानातून घेत असाल तर जीएसटीचं बिल मागा. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून चालते, गुलाबी कागदावरच्या कच्च्या चिठ्ठीवर नाही. बऱ्याच ब्रँडचं सेवा केंद्र सोलापुरात नसतं, माल पुण्याला पाठवावा लागतो. कुरिअरचा खर्च कोणाचा ते पैसे देण्याआधी विचारा. पॉवर बँक आणि वायरलेस हेडफोनवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि 'आर'नं सुरू होणारा नंबर असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खात्री करता येते. नंबर नसेल तर ती बॅटरी मेच्या उन्हात उशीजवळ ठेवायच्या लायकीची नाही.

द्यायच्या आदल्या रात्री बॅटरीची वस्तू चार्ज करा, सेलवर चालणारी असेल तर दोन सेल खोक्यात टाका, आणि बिलाचा फोटो स्वतःच्या फोनवर काढून ठेवा. खरं बिल खोक्याबरोबर रद्दीत जाणारच आहे.